केराटिन, स्पा की नुसती कात्री? आधी केस मोजा

केस राठ लागण्याची कारणं निदान चार असू शकतात. बोअरच्या पाण्याचे क्षार केसावर बसले असतील. केसावरचा मूळचा तेलकट थर निघून गेला असेल. ब्लीचने आतली वीण सुटली असेल. किंवा केसाला काहीच झालेलं नसेल, फक्त मे महिना चालू असेल. हाताला चारही सारखेच लागतात. उपाय मात्र चारही वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातात, कधी कधी केसही जातात.

लग्नसराई तोंडावर आली की नागपुरात धरमपेठ, सदर, सीताबर्डीच्या पार्लरमध्ये हा फरक करायला कोणालाच वेळ नसतो. मागे उभी असलेली मुलगी एक बट उचलते, दोन बोटांत चोळते आणि सांगते, "ताई, खूपच डॅमेज आहेत, केराटिन करून घ्या ना." काही हजारांचा निर्णय एवढ्या तपासणीवर होतो. त्या मुलीचाही दोष नाही, तिला जे विकायला शिकवलंय ते ती विकते. पण नुकसान किती आणि कुठे झालंय हे घरी बऱ्यापैकी तपासता येतं. त्यासाठी एक काळं कापड, एक पांढरं कापड, शाळेतली पट्टी, पाण्याची फवारणीची बाटली आणि खिडकीजवळचा चांगला उजेड पुरतो.

एक गोष्ट मात्र आधी मान्य करावी लागते. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, नस नाही, स्वतःला दुरुस्त करणाऱ्या पेशी नाहीत. हात कापला तर जखम भरते, केस मात्र भरत नाही. त्यामुळे बाटलीवर ‘रिपेअर’ असं कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी कुठलीही ट्रीटमेंट चारांपैकी एखादंच काम करते: केसावर लेप देते, आतल्या फटी तात्पुरत्या भरते, तुटलेले काही रासायनिक बंध जोडायचा प्रयत्न करते, किंवा केसाला दुसऱ्याच आकारात बसवते. पाचवा पर्याय कात्री. यातलं काय निवडायचं हे बिघाड कुठल्या थरात आहे यावर ठरतं.

गळतोय की तुटतोय?

"काहून वं, केस किती गळून राह्यले तुझे!" असं घरातली मोठी माणसं म्हणतात ती फरशीवरचे केस पाहून. पण फरशीवरचा केस मुळातून आलेला असू शकतो किंवा मधूनच तुटलेला, आणि या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पडलेले दहा-वीस केस उचलून काळ्या कापडावर ठेवा. ज्या केसाच्या एका टोकाला पांढुरकी, बारीक गाठ दिसते तो आपलं आयुष्य संपवून मुळातून सुटलेला आहे. असे ५० ते १०० केस रोज जाणं सर्वसामान्य आहे. तीन-चार दिवसांनी डोकं धुतलं तर तेवढ्या दिवसांचे केस एकदम हातात येतात आणि मोरीच्या जाळीवरचा पुंजका बघून पोटात गोळा येतो, पण हिशेब तोच. गाठ नसलेला, दोन्ही टोकं बारीक किंवा चिरफाळलेली आणि लांबी तुमच्या केसांपेक्षा कितीतरी कमी असा केस असेल तर तो तुटलेला.

गाठवाले केस फार जास्त जात असतील तर पार्लरमध्ये जाऊन काही होणार नाही, कारण बिघाड केसात नाहीच. तो शरीरात किंवा टाळूत आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपाशी राहून केलेलं डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू होतो आणि केस दिवाळीच्या आसपास गळतात. तोवर ताप कोणाच्या लक्षात नसतो, मग नव्या शॅम्पूवर आळ येतो. अशी गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. लोह किंवा थायरॉइडची गडबड असेल, भांग रुंद होत चालला असेल, टाळूवर चट्टे किंवा खपल्या असतील, तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत नाहीतर ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. डॉक्टर तिथे पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढून बघतात. पूर्वी सहापर्यंत केस हातात आले तरी चालतं असं मानत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानंतर ही मर्यादा दोनपर्यंत खाली आली. माप बदललं की कालचा निरोगी माणूस आज रुग्ण ठरतो, हे इथेही आहेच.

यापुढचं सगळं तुटणाऱ्या आणि राठ झालेल्या केसांबद्दल.

केसावरची कवेलू

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, जशी एकावर एक चढवलेली असतात, तशीच केसाच्या पृष्ठभागावर सपाट, पारदर्शक खवल्यांची रचना असते. प्रत्येक खवला साधारण अर्धा मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि असे सहा ते दहा थर एकमेकांवर. खवल्यांची उघडी कड टोकाच्या दिशेने असते. आतमध्ये केसाचा खरा ऐवज, म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे लांब तंतू. हे तंतू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात आणि केसाची ताकद बरीचशी या बंधांत असते. अख्ख्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान.

सगळ्यात वर आणखी एक थर असतो, त्याची जाहिरात कोणी करत नाही. खवल्यांवर १८-एमईए नावाच्या स्निग्धाम्लाचा एका रेणूइतकाच जाड लेप रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. नव्या केसाला गुळगुळीतपणा येतो तो याच्यामुळे. पाणी थेंब बनून घरंगळतं तेही याच्यामुळेच. ब्लीच, अमोनियाचा रंग, रिबॉन्डिंगची क्रीम, म्हणजे अल्कलीयुक्त काहीही लागलं की हा थर आधी जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. वरून तेल लावून तात्पुरती भरपाई होते, पण ती धुतली की गेली.

बिघाड साधारण याच क्रमाने आत सरकतो: आधी हा लेप, मग खवल्यांच्या कडा, मग अख्खे खवले, आणि शेवटी आतली वीण. छप्पर उघडं पडलं की टोकाला फाटे फुटतात. रोजची फणी, ओल्या केसांत घातलेला कंगवा, हेल्मेटखाली घट्ट आवळलेला स्कार्फ हे खवल्यांपर्यंतचं काम हळूहळू करतात. ब्लीच मात्र थेट आत शिरतं. आपल्या काळ्या केसांवर सोनेरी हायलाइट आणायच्या तर आतला काळा रंग जाळावा लागतो, आणि तो जाळणारं रसायन गंधकाचे बंधही सोडत नाही. म्हणून फणीने राठ झालेला केस आणि हायलाइटने राठ झालेला केस यांना एकच ट्रीटमेंट सुचवणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता मोजमापाचा खरा मुद्दा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुमचा केस ४५ सेंटिमीटर असेल, तर त्याचं टोक पावणेचार वर्षांपूर्वीचं आहे. नागपूरचे तीन-चार उन्हाळे, शेकडो धुणी आणि झालीच तर दोन-तीन लग्नांतली इस्त्री त्याने पाहिलेली आहे. मुळाजवळचे दोन-तीन सेंटिमीटर मात्र नवेकोरे. म्हणजे खराब न झालेला तुमचा केस कसा असतो याचा नमुना प्रत्येक केसासोबतच येतो. मैत्रिणीच्या केसांशी तुलना नको, जाहिरातीतल्या केसांशी तर नकोच. मुळाजवळचा भाग आणि टोक यांत किती फरक पडलाय, तेवढं तुमचं नुकसान. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या चाचण्या सोप्या आहेत.

पट्टी आणि पाणी

चाचणीआधी केस नुसते धुऊन चालत नाही, त्यावर बसलेलं सगळं काढावं लागतं. तेल आणि सिरमचं सिलिकॉन असेल तर खराब केसही गुळगुळीत लागतो. उलट, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडच्या ज्या लेआउटमध्ये बोअरचं पाणी वापरतात तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बसून चांगला केसही खरखरीत लागतो. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, ते हेच पाणी. यासाठी ईडीटीए, म्हणजे क्षार धरून काढणारं रसायन, असलेला क्लॅरिफाइंग किंवा चिलेटिंग शॅम्पू मिळतो. बाटलीच्या मागे घटकांच्या यादीत हे नाव पुढच्या भागात असलेलं बघा, कारण साध्या शॅम्पूतही ते नावापुरतं असतंच. त्याने एकदा डोकं धुवा, शक्य असल्यास शेवटचं पाणी आरओचं घ्या, आणि केस पंख्याखाली सुकू द्या. एवढ्यावरच राठपणा निम्मा झाला, तर तुमचे केस बिघडलेलेच नव्हते. बऱ्याच जणींचं प्रकरण इथेच संपावं. या एका धुण्याला मी सगळ्यात मोठी चाचणी मानतो, आणि पार्लरमध्ये ती जवळपास कोणी करत नाही.

फरक पडला नाही तर पुढे जा. एक केस ताणून धरा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं टोकाकडून मुळाकडे, म्हणजे खवल्यांच्या उलट्या दिशेने सरकवा. मुळापाशी थोडाच अडथळा आणि टोकाशी खरखर जाणवत असेल, तर खवल्यांच्या कडा उचलल्या गेल्यात.

मग पाणी. बट सपाट धरून बारीक फवारा मारा आणि आडव्या उजेडात बघा. मुळाजवळ पाण्याचे थेंब मण्यांसारखे वर बसून राहिले आणि टोकाकडे लगेच जिरले, तर वरचा लेप कुठपर्यंत गेलाय त्याची सीमाच तुम्हाला दिसते. ही सीमा मुळापासून किती सेंटिमीटरवर आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर ग्लासातल्या चाचणीबद्दल. इंटरनेटवर सांगतात की केस पाण्याच्या ग्लासात टाका, तरंगला तर चांगला, बुडाला तर ‘हाय पोरॉसिटी’, म्हणजे पाणी पटकन शोषणारा. केराटिनची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट आहे, त्यामुळे नीट भिजलेला कुठलाही केस बुडायलाच हवा. तो तरंगतो तो पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि अंगावरच्या तेलामुळे. बोटाने जरा दाबला की तोच तरंगणारा केस खाली जातो. ही चाचणी सोडून द्या.

खरी कामाची चाचणी ताणण्याची. आपोआप गळलेले निदान दहा केस जमवा. एका केसावर भिस्त ठेवू नका, कारण एकाच डोक्यावरच्या केसांच्या जाडीतही बराच फरक असतो. प्रत्येक केस पाण्यात पाचेक मिनिटं भिजवा. मग मुळाकडचा दहा सेंटिमीटरचा तुकडा पट्टीवर धरून हळूहळू ओढा. ओला निरोगी केस १२, अगदी १३ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि सोडल्यावर, पुन्हा पाण्यात टाकल्यावर, जवळजवळ मूळ लांबीवर येतो. आता हेच टोकाकडच्या तुकड्यावर करा. इथे तीन गोष्टी होऊ शकतात. तोही तसाच ताणून परत आला, तर आतली वीण शाबूत आहे, बिघाड फक्त वरवरचा. ११ वर जायच्या आधीच तुटला, तर त्यात कुठेतरी कमकुवत जागा आहे. आणि सहज लांबत गेला, १४-१५ झाला, सोडल्यावर तसाच लुळा राहिला, तर गंधकाचे बंध गेलेत. हा तिसरा प्रकार बहुतेक वेळा ब्लीच केलेल्या किंवा रिबॉन्डिंगवर रिबॉन्डिंग केलेल्या केसांत दिसतो, आणि त्याला यापुढे कुठलंही तीव्र रसायन सोसणार नाही.

कमकुवत जागा डोळ्यांनीही दिसतात. काळ्या कापडावर केस ठेवून मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने बघा. केसाच्या मध्येच पांढरे ठिपके दिसले आणि केस तिथेच मोडत असेल, तर त्या जागी खवले निघून आतले तंतू झाडूसारखे पसरलेत. पुष्कळ जण या ठिपक्यांना कोंडा किंवा लिखा समजून डोक्यावर भलतंच औषध ओततात. लीख केसाच्या एका बाजूला चिकटलेली असते. हा ठिपका केसाच्या आतलाच असतो, नखाने निघत नाही आणि जरा वाकवला की केस तुटतो.

शेवटची मोजणी अगदी साधी आहे. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी पांढऱ्या कापडावर वाकून, रोजच्याच फणीने दोन मिनिटं केस विंचरा आणि पडलेल्यांतले फक्त आखूड, गाठ नसलेले तुकडे मोजा. आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. तो महिनाभरात वाढतोय की कमी होतोय, एवढंच बघायचं.

नवतपातलं माप आणि श्रावणातलं माप

हवा कोरडी, म्हणजे आर्द्रता तीसच्या खाली असते, तेव्हा केसात त्याच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी असतं. आर्द्रता ७० टक्के झाली की ते १३-१४ टक्क्यांवर जातं. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता वीसच्या आसपास किंवा त्याखाली असते, ऑगस्टमध्ये ऐंशीच्या घरात. म्हणजे तोच केस नवतपात, मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, ताठ, कडकडीत, विजेने उडणारा लागतो आणि श्रावणात मऊ, फुगलेला. म्हणूनच प्रयोगशाळेत केस ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत तासन्‌तास ठेवून मगच तपासतात. घरी ते शक्य नाही, पण निदान मेमध्ये ‘आधीचा’ फोटो आणि ऑगस्टमध्ये ‘नंतरचा’ फोटो काढून ट्रीटमेंटला श्रेय देऊ नका. पाऊसच ते काम फुकटात करतो.

मोजणाऱ्या यंत्राबद्दलही थोडं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी देशभर फिरली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. आकडा स्क्रीनवर आला की आपण तो खरा धरतो. पार्लरमधल्या ‘हेअर अ‍ॅनालायझर’चंही असंच आहे. तो मुळात भिंग लावलेला कॅमेरा. टाळूवरचा कोंडा, एका मुळातून किती केस निघतात, केसांची जाडी कमी-जास्त आहे का, हे त्यात छान दिसतं. पण स्क्रीनवर ‘केराटिन ३५ टक्के’ असं काही उमटलं तर ते मनावर घेऊ नका. कॅमेऱ्याला प्रथिनं मोजता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी गंधकाचे बंध तुटून किती आम्ल तयार झालंय ते बघतात, केस ओढून तोडायला किती बळ लागतं ते मोजतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खवले बघतात. हे सगळं कंपन्या आपली उत्पादनं तपासायला करतात. तुम्हाला त्याची गरज नाही, पट्टी पुरे.

आता कशावर काय

बिघाड फक्त वरच्या लेपाचा आणि खवल्यांचा असेल, तर साधा कंडिशनर हाच सगळ्यात मोलाचा उपाय आहे आणि त्याला पार्लर लागत नाही. खराब केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार जास्त असतो, कंडिशनरमधले मुख्य रेणू धन भाराचे. त्यामुळे जिथे बिघाड जास्त तिथे ते आपोआप जास्त चिकटतात. म्हणून तो टोकांना लावायचा, टाळूला नाही. हेअर स्पा म्हणजे याचीच मोठी आवृत्ती: जास्त दाट क्रीम, वाफ आणि मालिश. छान वाटतं, काही धुण्यांपुरतं टिकतं. तेवढ्याच अपेक्षेने घेत असाल तर हरकत नाही.

आजीचं खोबरेल तेल इथे खरंच कामाचं आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना आणि विंचरताना जाणारं प्रथिन खोबरेलनेच लक्षणीय कमी झालं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसात शिरतं, बाकीची दोन वरच राहतात असं त्याचं स्पष्टीकरण. मॅरिको पॅराशूट विकते हे विसरू नये, पण तेल केसाच्या आत जातं हे नंतर इतर प्रयोगांतही दिसलं आहे. धुण्याआधी काही तास लावलं की भिजताना केस कमी फुगतो. फक्त गळणारे केस याने थांबत नाहीत, ते काम तेलाचं नाहीच.

केस आधीच तुटतोय पण लुळा नाही, अशा मधल्या अवस्थेत प्रथिनांची क्रीम थोडा आधार देते. तिच्यातली प्रथिनं बारीक तुकडे करून घातलेली असतात, म्हणून थोडी आत जातात. अंड्यातलं प्रथिन अख्खं असतं, ते केसात शिरू शकत नाही. अंड्याची पोळी करून खाल्लेली बरी. प्रथिनांची क्रीम दर धुण्याला लावली तर केस उलट कडक लागतो, तेव्हा अधूनमधून पुरे.

लुळ्या, ब्लीच केलेल्या केसांसाठी बंध जोडणारी उत्पादनं २०१४ च्या आसपास बाजारात आली. ओलॅप्लेक्सने सुरुवात केली, मग सगळेच आले. कल्पना बरोबर दिशेची आहे, पण पुरावा बराचसा विक्रेत्यांचाच. ब्लीच करतानाच वापरली तर काही नुकसान वाचतं. आधीच गेलेली वीण पूर्ववत होईल ही आशा धरू नये. अशा केसांना इस्त्री, रिबॉन्डिंग, पुन्हा ब्लीच हे पूर्ण बंद. फाटा फुटलेलं टोक तर कोणत्याच क्रीमने कायमचं जुळत नाही. फाटा वर सरकत जातो, म्हणून त्याच्या वर एक-दोन सेंटिमीटर कापायचं.

आणि केराटिन ट्रीटमेंट? हिच्या बाटलीत केराटिन असेलही, पण केस सरळ करतं ते फॉर्माल्डिहाइड सोडणारं रसायन किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल, आणि त्यावरून फिरवलेली दोनशे अंशांच्या वरची इस्त्री. म्हणजे हे आकार बदलण्याचं काम आहे, दुरुस्तीचं नाही. केस चमकतात कारण सपाट झालेत आणि वर लेप आहे. धडधाकट, कुरळ्या, गुंता होणाऱ्या केसांच्या माणसाला हेच हवं असेल तर तो त्याचा निर्णय. ताणण्याच्या चाचणीत नापास झालेल्या केसावर मात्र हे करू नये. फॉर्माल्डिहाइड हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात कर्करोग करणारं म्हणून नोंदवलेलं आहे. पार्लरमध्ये डोळे चुरचुरले, घशाला वाफ लागली तर उठून बाहेर या, आणि रोज ती वाफ घेणाऱ्या मुलींचाही विचार करा. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ म्हणून जे ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं, त्याच्याबद्दल २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची नोंद आली: तीन वेळा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा. किडनीचा त्रास असलेल्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये. ‘हेअर बोटॉक्स’मध्ये सुईवालं बोटॉक्स नसतं. कधी तो नुसता दाट कंडिशनर असतो, कधी हेच आम्ल. घटकांची यादी मागा.

मेंदीबाबत एकच. इतवारीतून आणलेली शुद्ध पानांची मेंदी केराटिनला चिकटून केसावर थर देते, बिघाड वाढवत नाही, फार तर केस जरा कोरडे लागतात. पण ‘काळी मेंदी’च्या पाकिटात बहुतेकदा पीपीडी हा रंग असतो आणि काही पावडरींत धातूचे क्षार. असे क्षार असलेल्या केसावर ब्लीच पडलं तर केस तापून वितळल्यासारखा होऊ शकतो. म्हणून मागच्या दोन वर्षांत डोक्याला काय काय लावलं ते पार्लरमध्ये न लाजता सांगा. केस ते विसरलेला नसतो.

उष्णतेबद्दल एक गैरसमज. नागपूरचं ऊन केस शिजवत नाही. २०१३ च्या मेमध्ये इथे ४७.९ अंश झालं होतं, सुक्या केसातलं केराटिन बिघडायला दोनशेच्या वर लागतात. उन्हातून येणारे अतिनील किरण मात्र प्रथिन आणि रंग दोन्ही झिजवतात, तेव्हा स्कार्फ बांधाच, फक्त सुती आणि सैल. खरी भीती ओल्या केसावर फिरवलेल्या इस्त्रीची. आतलं पाणी वाफ होऊन केसात फुगे धरतात आणि केस तिथे मोडतो. १२५ अंशांच्या चिमट्यानेही असे फुगे आल्याचं प्रयोगात दिसलं आहे. कार्यक्रमाची घाई असली तरी केस आधी पूर्ण सुकवा आणि इस्त्री १८० च्या आत ठेवा.

एवढं करूनही काही रासायनिक करायचंच ठरलं, तर कानामागची, आतल्या बाजूची एक बारीक बट निवडा आणि आधी तेवढ्यावरच ते करून घ्या. रंग असेल तर त्वचेवर ठिपका लावून ४८ तास थांबा, पीपीडीची अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. बटेवरचं सिलिकॉन निघायला तीन-चार धुणी द्या, मग त्यातलेच दहा केस पुन्हा पट्टीवर ताणून आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. आधी १३ पर्यंत जाऊन परत येणारा केस आता ११ वर तुटत असेल किंवा परतच येत नसेल, तर उरलेल्या डोक्यावर ते करू नका. फवाऱ्याची सीमा आधी जिथे होती तिथून मुळाकडे सरकली असेल, तरीही नको. हे सगळं व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात, त्यामुळे लग्नाची तारीख ठरली की पार्लरच्या अपॉइंटमेंटआधी ही बट उरकून घ्या.